किक मारून दमलात? आधी प्लग काढा

जुन्या गाड्यांवरच्या या गप्पांमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. 'घरात स्कूटर उभी आहे, पाच-सहा वर्षं कोणी चालवली नाही, किक मारून मारून पोटऱ्या दुखल्या, चालू होत नाही. काय करू?' हा प्रश्न बडोद्याहून येतो, बेळगावहून येतो, हैदराबादहून येतो. आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे दुसरं एक वाक्य असतं: 'मिस्त्री म्हणतोय इंजिन खोलावं लागेल.'

थांबा. इंजिन खोलण्याच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्या घरच्या अंगणात, एक प्लग-पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पक्कड एवढ्यावर होतात. आज त्याच बघू.

मी डोळ्यांसमोर ठेवतोय ती दोन-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, 150 सीसी वर्गातली स्कूटर. चेतक म्हणा हवं तर, कारण आपल्याकडे घरोघरी तीच होती. 1972 साली ती बाजारात आली आणि पेट्रोलवरची चेतक पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. 2020 मध्ये नाव परत आलं ते विजेच्या स्कूटरवर, तिला कार्ब्युरेटरच नाही. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून बीएस-6 आलं आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्यामुळे आज विशीतला मिस्त्री हुशार असतो, पण जुनी स्कूटर समोर आली की तो स्कॅनरची पिन कुठे लावायची ते शोधतो. यात त्याचा दोष नाही. त्याने हे काम पाहिलेलंच नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येक वेळी सांगणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यात साचते. म्हणून हे काम बंद खोलीत, जिन्याखाली किंवा बाल्कनीत करायचं नाही. शेजारी गॅस गिझर, देवघरातला दिवा, उदबत्ती, कोणाची बिडी, काही नको. मोकळ्या अंगणात, गाडी न्यूट्रलमध्ये स्टँडवर, आणि जवळ एक बादली कोरडी वाळू. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं, म्हणून वाळू.

आता मुद्दा. इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात: हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन. बंद पडलेल्या गाडीत या तिघांपैकी एक गैरहजर आहे. कोण, ते शोधायचं. आपल्याकडे लोक काय करतात? आधी कार्ब्युरेटर खोलतात, मग नवा प्लग आणतात, मग कोणीतरी सांगतं म्हणून कॉइल बदलतात. दोन हजार रुपये जातात आणि गाडी तशीच. एका वेळी एकच गोष्ट तपासा, आणि तपासताना अंदाज करू नका.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी असेल तर लगेच किक मारू नका. आधी प्लग काढा आणि त्या भोकातून छोटा चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा. मग किक हाताने, हळूहळू चार-पाच वेळा खाली दाबा. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर असतो आणि रिंगा कोरड्या असतात. कोरड्यावर जोरात किक मारली की ओरखडे पडतात. किक दगडासारखी घट्ट असेल, हलतच नसेल, तर पिस्टन धरलेला आहे. मग तेल टाकून दोन दिवस वाट बघायची, जोर करायचा नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याचा वास घ्या. ताज्या पेट्रोलचा तिखट वास येत नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबट, चिकट वास येतो. कारण पेट्रोलमधले हलके भाग आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटतं ते याच हलक्या भागांवर. उरलेलं दिसायला पेट्रोलच असतं, पण थंड इंजिनात ते पेटायचं नाव घेत नाही. दोन-स्ट्रोक गाडीत आणखी एक भानगड होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मात्र तिथेच राहतं आणि मधासारखं घट्ट होऊन जेटच्या भोकात बसतं. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, गॅरेजवाले सुटे भाग धुवायला ते घेतात.

इथे रिझर्व्हची गंमत सांगतो. पेट्रोल कॉकच्या वर टाकीमध्ये एक उभी नळी असते. कॉक 'ऑन'वर असतो तेव्हा पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, म्हणजे तळाचं पेट्रोल शिल्लक राहतं. 'रिझर्व्ह'वर टाकलं की तळापासून येतं. आता तळाला काय असतं? पाणी आणि गंज. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 2022 च्या मध्यापर्यंत 10 टक्क्यांवर आलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं. मग आपण 'पेट्रोल कमी असेल' म्हणून कॉक रिझर्व्हवर टाकतो आणि नेमकं तेच पाणी कार्ब्युरेटरला पाजतो. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

आता प्लगकडे. प्लग म्हणजे इंजिनची जीभ आहे, डॉक्टर जीभ दाखव म्हणतात तसं. किक मारून झाल्यावर काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त आहे. काळ्या काजळीने भरला असेल तर मिश्रण घट्ट होतं किंवा प्लग थकला आहे. दोन-स्ट्रोकमध्ये आणखी एक प्रकार दिसतो: दोन टोकांच्या मधे कार्बनचा केसाएवढा पूल बांधला जातो. मग ठिणगी उडी मारतच नाही, करंट त्या पुलावरून निवांत चालत जातो. तारेच्या ब्रशने साफ करा, फट साधारण 0.6 मिलिमीटर ठेवा. फिलर गेज पाचपन्नास रुपयांत कुठेही मिळतो.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. दोन काळज्या. प्लग हातात धरू नका, झटका जोरदार बसतो, इन्सुलेशनवाल्या पकडीने धरा. आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते. ठिणगी निळी, जाड, 'टक' असा आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक, दोरीसारखी असेल तर ती नापास. कारण मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरच्या आत दाबलेल्या हवेत तिला खूप जास्त ताकद लागते. बाहेर जेमतेम दिसणारी ठिणगी आत गेल्यावर नाहीशी होते. मिस्त्री 'करंट आहे' म्हणतो तेव्हा कुठली आहे हे स्वतः बघा. इंदूर, रायपूर, कुठेही जा, ठिणगीला गॅरेजमध्ये 'करंट'च म्हणतात.

ठिणगी अजिबात नसेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका. या स्कूटरमध्ये फ्लायव्हील मॅग्नेटो असतो, किक मारली की तो स्वतःची वीज स्वतः बनवतो, बॅटरी मेलेली असो वा नसो. (जुन्या बुलेटची किंवा कारची गोष्ट वेगळी, तिथे कॉइलला बॅटरी लागतेच.) आधी प्लग कॅप पिळून काढा, वायरचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप परत पिळा. कॅपच्या आत हिरवा गंज चढलेला असतो, निम्म्या वेळा ठिणगी इथेच अडकलेली सापडते. मग स्विचची वायर. मॅग्नेटोच्या गाडीत स्विच 'बंद' करणं म्हणजे ती वायर बॉडीला टेकवणं, की करंट जमिनीत जातो. उंदराने वायर कुरतडली आणि ती बॉडीला टेकली की गाडीला वाटतं तुम्ही तिला बंदच ठेवलं आहे. ती वायर सोडवून, लटकती ठेवून परत किक मारा. ठिणगी आली तर चोर सापडला.

जुन्या मॉडेलमध्ये पॉइंट असतात, फ्लायव्हीलच्या खिडकीतून दिसतात. उभ्या गाडीत त्यांच्यावर पांढुरका थर येतो. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, मग कोरा कागद मधे धरून ओढून घ्या, म्हणजे कचऱ्याचा कण राहत नाही. फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास. पॉइंट पुन्हापुन्हा काळे पडत असतील, तिथेच ठिणग्या दिसत असतील, तर कंडेन्सर गेला. नंतरच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे; तिथे घासायला काही नाही, वायरी आणि सॉकेट साफ करून बघायचं आणि नाही जमलं तर चालू गाडीचं युनिट लावून बघायचं.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त मान देतो ती परीक्षा. चांगली ठिणगी दिसली, प्लग कोरडा आहे, आणि आता कळत नाही पुढे काय. छोट्या चमच्याचा चौथा भाग ताजं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडा. बाटली बंद करून लांब ठेवा. प्लग लावा, कॅप लावा, किक मारा.

इंदूरच्या एका ताईंबरोबर मी हे फोनवर केलं. स्कूटर त्यांच्या वडिलांची. वडील गेले, स्कूटर पोर्चमध्ये राहिली. एका गॅरेजवाल्याने 'बोर करावं लागेल, पिस्टन नवा' असं सांगून मोठा आकडा दिला होता, आणि दाराशी भंगारवाला तीन हजार द्यायला तयार होता. घरात मत पडत होतं की देऊन टाकू. ताईंनी आधी कधी प्लग काढलेला नव्हता. त्यांचा मुलगा दहावीत, त्याने पाना धरला, ताई मोबाइलवर मला दाखवत होत्या. पेट्रोल टाकून चौथ्या किकला इंजिन धडधडलं, दोन-तीन सेकंद चाललं आणि बंद पडलं. ताई म्हणाल्या, 'अरे दादा, गेली परत.' मी म्हटलं, 'ताई, गेली नाही, आता कळलं.'

बघा काय कळलं ते. दोन सेकंद का होईना, इंजिन पेटलं. म्हणजे ठिणगी आहे, ठिणगीची वेळ बरोबर आहे, आणि पेटण्यापुरतं कॉम्प्रेशनही आहे. पिस्टन, बोर या गोष्टींवर लगेच पैसे घालण्याचं काही कारण उरलं नाही. आम्ही टाकलेलं पेट्रोल संपलं आणि मागून दुसरं आलं नाही, एवढंच. दोष टाकी ते कार्ब्युरेटर या एका हाताच्या अंतरात आहे. तिथून पुढे कॉकची जाळी, नळी आणि स्लो जेट साफ करायला त्यांना एक रविवार लागला. भंगारवाला परत गेला.

तर हे अंतर कसं तपासायचं? कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरा, कॉक उघडा. धार सलग यायला हवी. थेंब थेंब आली तर कॉकची जाळी भरली आहे किंवा नळी आतून फुगून बंद झाली आहे, जुनं रबर आणि इथेनॉल यांचं फारसं जमत नाही. धार आधी चांगली येते आणि मग मंदावून थांबते का? टाकीचं झाकण उघडा. 'सूं' आवाज होऊन धार परत सुरू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर पडतं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. घरून निघून दोन किलोमीटरवर बंद पडणारी आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होणारी गाडी दिसली की मी आधी झाकण उघडतो.

धार चांगली असेल तर कार्ब्युरेटर. वाटी उघडली की तळाशी तपकिरी लाख साचलेली दिसेल. मेन जेट मोठा, तो सहसा बुजत नाही आणि चालू करण्यात त्याचा फारसा वाटाही नाही. गुन्हेगार असतो स्लो जेट, त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. जेट काढा, उन्हाकडे धरा आणि डोळा लावा. गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर कचरा आहे. सुई किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ती गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग पंक्चरच्या दुकानात जाऊन हवा मारा. अगदीच नसेल तर लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. कार्ब्युरेटर खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. आणि हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा.

आता चोक आणि रेस यांबद्दल, कारण इथे सगळ्या देशाचा गैरसमज आहे. बऱ्याच कारच्या कार्ब्युरेटरमध्ये छोटा पंप असतो, पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी आत जाते. ती सवय आपण स्कूटरवर आणली. या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये तसा पंप नाही. किक मारण्याआधी मूठ पिळून थेंबभरही पेट्रोल आत जात नाही. उलट हिचा चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट आहे आणि ती इंजिनच्या ओढीवर चालते. मूठ पिळली की हवेचा मोठा दरवाजा उघडतो, ओढ कमी होते आणि चोकचा उपयोग जातो. थंड इंजिन: चोक ओढा, मूठ बंद, किक. नागपूर-इंदूरच्या डिसेंबरमध्ये तर नक्कीच.

आणि ते स्कूटर तिरकी करणं! त्याला लोक हसतात, पण त्यात विज्ञान आहे. तिरकी केली की कार्ब्युरेटरमधला फ्लोट सरकतो, नीडल उघडते, वाटी भरते आणि थोडं पेट्रोल थेट आत सांडतं. टाकीत कमी असलेलं पेट्रोलही तोंडाशी येतं. पण हा इलाज कोरड्या प्लगचा आहे. प्लग ओला असताना तिरकी करणं म्हणजे जुलाब झालेल्याला एरंडेल देणं.

ओल्या प्लगचा इलाज उलटा. कॉक बंद, स्विच बंद, प्लग काढून बाजूला, मूठ पूर्ण उघडी, आणि दहा-पंधरा किक. आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर येतं. मग कोरडा प्लग लावून चोक न ओढता किक. गाडी दर सकाळी ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची नीडल नीट बसत नाही. या स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर थेट क्रँककेसवर असतो, त्यामुळे रात्रभर झिरपलेलं पेट्रोल सरळ इंजिनच्या पोटात उतरतं. आपले वडील-काका गाडी लावताना न चुकता कॉक बंद करायचे, ते यासाठी.

ठिणगी निळी, पेट्रोल ताजं, तरी चमच्याच्या परीक्षेतही एक धक्का नाही, मग बाकीच्या शक्यता पटकन सांगतो. सायलेन्सर कार्बनने भरला असेल किंवा त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं असेल तर धूर बाहेर जात नाही आणि नवं मिश्रण आत येत नाही. सायलेन्सर सैल करून किक मारून बघा. किक उलटी फेकत असेल तर फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ हलली आहे. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली जात असेल तर कॉम्प्रेशन नाही. आणि क्रँकची ऑइल सील कडक झाली असतील तर इंजिन बाहेरची हवा ओढतं. अशी गाडी पेटलीच तर मूठ बंद असूनही रेस आपोआप वाढत जाते. हे शेवटचे तीन प्रकार मिस्त्रीकडे नेण्याचे. पण आता तुम्ही जाताना त्याला सांगू शकता की काय काय तपासून झालं आहे, आणि मग तो आकडा जरा जपून सांगतो.

गाडी चालू झाली की पहिली पाच मिनिटं पांढरा धूर भरपूर येईल, तो आपणच टाकलेल्या ऑइलचा, घाबरू नका. तेवढ्या वेळात नळी आणि कार्ब्युरेटरखाली हात फिरवून ओल आहे का बघा. नवं पेट्रोल टाकीतला जुना मळ सोडवतं, म्हणून जाळी आणि स्लो जेट महिन्याभरात पुन्हा एकदा साफ करावे लागतील. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला 20 मिली हे नेहमीचं प्रमाण, तरी आपल्या मॉडेलचं पुस्तक असेल तर ते बघा. आणि रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकच्या केबल, टायरच्या भेगा आणि 15 वर्षं उलटली असतील तर आरसीचं नूतनीकरण, या तीन गोष्टी आधी.